दुसरी किल्ली

गुजरीच्या तोंडाला, तांबटाच्या दुकानावर
आमची पतसंस्था होती.
होती म्हणताना अजून जीभ अडखळते.
तिजोरीला किल्ल्या दोन :
एक मॅनेजर इंगवल्यांच्या करगोट्याला,
दुसरी माझ्या डब्याच्या पिशवीत, लोणच्याच्या बाटलीशेजारी.
अकरा वर्षं, रोज दहा वाजून पाच मिनिटांनी
आम्ही शेजारी उभे राहून एकदम हात फिरवायचो,
अंतरपाट धरल्यासारखे गंभीर.

आणि रात्री मी चोऱ्या बघायचे.
भाच्यानं पेन ड्राइव्हवर भरून दिलेल्या, जुन्या, काळ्यापांढऱ्या,
भाषा कळत नसली तरी कुलूप कळायचं.
नवरा फौंड्रीतून येऊन झोपलेला,
त्याच्या घोरण्यात ड्रिलचा आवाज बेमालूम मिसळायचा.
पैशाचं मला काही नव्हतं. पैसे मी दिवसभर मोजायचे,
बोटाला रबराची टोपी घालून.
मला आवडायचं ते टेबल,
त्यावरचा नकाशा, नकाशाभोवती पाच डोकी,
आणि कुणीतरी म्हणणार,
हे काम तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही.

सासूबाईंना खरंच लागतं. पेपर मागून उघडतात.
खून कुठल्या गल्लीत, घर उजव्या हाताला का डाव्या,
भांड्याला कोण होती, तिला आधी कसं कळलं न्हाई.
पंचनामा वाचताना चहा निवतो.
वाचून झालं की उठून
आपल्या दाराची कडी एकदा हलवून बघतात.

ऑडिटर आला तो मंगळवार.
कोरोचीचा पोरगा, नवीन बूट.
सोनेतारणाची बेचाळीस पाकिटं,
लाखेचं सील जिथल्या तिथं,
वजन गुंजेला गुंज बरोबर,
आत पितळ.
खालच्याच तांबटाकडचं, पावती करून घेतलेलं.

ना भुयार, ना दोरी, ना रात्र.
सकाळी दहा पाच.
अर्धं कुलूप रोज मी उघडून दिलं.

हवालदार नगरकडचा.
मी म्हणाले, "मी बघितलो न्हाई."
त्यानं वर बघितलं, मग लिहिलं : मी पाहिले नाही.
एवढ्या एका ओळीत माझं कोल्हापूर पुसलं गेलं
आणि साक्षीदार कुणी दुसरीच झाली, शुद्ध बोलणारी.
"तिजोरी उघडल्यावर रोज काय व्हायचं?"
काही नाही, बोलायचो.
"काय?"

काय सांगू त्याला?
इंगवले विचारायचे, काल कुठला बघितला?
मग मी सुरू.
भिंत कुठं, पहारा कुठं, छत किती इंच,
दोन्ही हातांनी हवेत सगळी इमारत उभी करायचे,
तिजोरीकडे पाठ करून.
घरात कुणी ऐकत नव्हतं. ते ऐकायचे.
हं, म्हणायचे. पुढं?
पाठीमागं ड्रॉवर सरकल्याचा आवाज
माझ्याच गोष्टीतला वाटायचा.

पेपरात आलं तेव्हा सासूबाईंनी मोठ्यानं वाचलं.
गल्लीचं नाव आलं. मॅनेजरचं आलं.
मी होते "एक महिला कर्मचारी" एवढीच.
पहिल्यांदाच चहा गरम असताना प्यायला त्यांनी,
आणि कडी न हलवता आत गेल्या.

इंगवले आता कळंब्याला.
रात्री मी अजून बघते, आवाज बंद करून.
पाच डोकी टेबलाभोवती वाकतात
तेव्हा मोजते :
मोजलेली प्रत्येक वेळी एक जास्त निघते.

एक गोष्ट जबाबात नाही.
मागच्या श्रावणात, किल्ली फिरवता फिरवता
त्यांनी आपण होऊन विचारलं होतं,
परवाचा तो कुलुपं उघडणारा म्हातारा,
सुटला का हो शेवटी?
नाही, म्हणाले मी.
बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
त्या दिवशी ड्रॉवरचा आवाज आला नाही.

म्हणजे ऐकत होते.
तेवढं मी लपवून ठेवलंय.